होडी कोणाची, साचा कोणाचा?

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या एकाच हद्दीत दोन प्रकारचे सागर आहेत. मीरा रोड पूर्वेला पूनम सागर नावाची वसाहत आहे. तेथे सागर केवळ पाटीवर आहे. भाईंदर पश्चिमेकडून धारावी बेटाच्या टोकाकडे निघाले की चौक, पाली, उत्तन ही कोळीवाड्यांची रांग लागते. तेथे सागर हे पोट आहे. पहिल्या सागरातील माणूस सकाळी चर्चगेटच्या गाडीत उभा राहतो, दुसऱ्या सागरातील माणूस भरती-ओहोटीची वेळ पाहून होडी हाकारतो. दोघांची गाठ पडते ती बाजारात, बोंबील-मांदेलीच्या पाटीपाशी, आणि तीही भावाच्या घासाघिशीपुरती. या दोघांचे दुखणे एकाच मुळातले आहे हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी निमित्त घेतले आहे एका साध्या वस्तूचे: होडीचे.

कोकणच्या किनाऱ्यावर लाकडी होडीची जागा फायबरची होडी घेत आहे. सुताराने वाकस आणि रंध्याने घडविलेली होडी मागे पडत आहे आणि साच्यातून काढलेली, एकसारखी, चकचकीत होडी पुढे येत आहे. तिच्या पाठीला जे इंजिन लटकते ते जपानी असते, अलीकडे चिनीही असते. या स्थित्यंतराविषयी दोन प्रकारची मते ऐकू येतात, आणि दोन्ही मते आपल्या चळवळीतही शिरली आहेत. म्हणून त्यांचा समाचार घेणे अवश्य आहे.

पहिले मत आधुनिकतेच्या पुरस्कर्त्यांचे. त्यांच्या मते लाकूड म्हणजे काल आणि फायबर म्हणजे उद्या. सुताराने कालाची पावले ओळखून दुसरा धंदा पाहावा. दुसरे मत हस्तकलेच्या चाहत्यांचे. त्यांना लाकडी गलबताची प्रतिकृती दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवायला हवी असते. वारसा, परंपरा, अस्मिता हे शब्द त्यांच्या जिभेवर असतात. मात्र सुताराची मजुरी, लाकडाचा भाव आणि नाखव्याचे कर्ज या गोष्टी त्यांच्या सौंदर्यदृष्टीला पेलवत नाहीत. एकाला सुतार मेला तरी चालतो, दुसऱ्याला तो संग्रहालयात हवा असतो. कष्टकरी म्हणून तो जगावा असे दोघांनाही वाटत नाही.

आमचे म्हणणे असे की हा झगडा हात विरुद्ध यंत्र असा नाही, लाकूड विरुद्ध फायबर असाही नाही, आणि नुसता देशी विरुद्ध परदेशी असा तर नाहीच नाही. प्रश्न मालकीचा आहे. कच्चा माल कोणाच्या ताब्यात, साचा कोणाचा, कर्ज कोणाच्या अटींवर, आणि होडी फुटली तर ती दुरुस्त करण्याची विद्या कोणाच्या हातात, हे चार प्रश्न ज्याने विचारले नाहीत त्याने होडीविषयी बोलू नये.

फळीवाल्यांचा धडा

हे प्रश्न केवळ गरीब देशांनाच पडतात अशी कोणाची समजूत असेल तर त्याने अमेरिकेकडे पाहावे. लाटांवर उभे राहून घसरत येण्याचा जो खेळ, त्याची फळी म्हणजे सर्फबोर्ड. हवाई बेटांतील लोक ती लाकडातून कोरून काढीत. दुसऱ्या महायुद्धानंतर फेसाळ प्लास्टिकचा गाभा आणि वर काचतंतूंचा थर अशी फळी कॅलिफोर्नियात रूढ झाली. तरीही तिला अखेरचा आकार देणारा कारागीर हाताने काम करी. गिऱ्हाइकाचे वजन, त्याच्या किनाऱ्याची लाट, त्याची सवय पाहून फळी तासून देई. अशा कारागिरांची लहान लहान दुकाने त्या किनाऱ्यावर होती आणि त्यांना आपण स्वतंत्र आहोत असे वाटे. पण ज्या गाभ्यातून ते फळी तासत, तो गाभा बहुतेकांना क्लार्क फोम नावाच्या एकाच कंपनीकडून मिळे. ५ डिसेंबर २००५ रोजी त्या कंपनीच्या मालकाने, पूर्वसूचना न देता, कारखाना बंद केल्याचे जाहीर केले. एका दिवसात शेकडो कारागिरांच्या हातचे काम अडले. आशियातील कारखान्यांतून साच्यात घातलेल्या तयार फळ्या अमेरिकेत आधीपासून येत होत्या. थायलंडमधील एका मोठ्या कारखान्याचे नाव त्या धंद्यात सर्वांना ठाऊक होते. या पडझडीत त्यांना मोकळे रान मिळाले.

कारागिराच्या हातात रंधा होता, कसब होते, गिऱ्हाईक होते. नव्हता तो कच्चा माल. आयात मालाने त्यांना मागे ढकलण्यापूर्वीच देशातील एका मक्तेदाराने त्यांना परावलंबी करून ठेवले होते. ‘देशी’ या एका शब्दावर विसंबून राहणाऱ्यांनी हा धडा नीट वाचावा.

लाकडी होडीचे अर्थशास्त्र

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. लाकडी होडी बांधणारा सुतार कागदावरचा नकाशा क्वचितच वापरतो. प्रथम पठाण, म्हणजे होडीचा कणा, बसतो. त्याला नाळ जोडली जाते. मग वाक, म्हणजे बरगड्या, आणि त्यांवर फळ्या. बरगड्यांसाठी नैसर्गिक वळणाचे लाकूड शोधावे लागते, फळ्यांसाठी सागवान. सांध्यांत कापूस ठासून वर राळ आणि तेल यांचा लेप द्यावा लागतो. उत्तनपासून सातपाटीपर्यंतच्या पट्ट्यात डोल जाळ्याची मासेमारी चालते. हे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहाच्या तोंडी रोवून ठेवतात आणि मासळी प्रवाहाबरोबर त्यात येते. या भागातील होडीचे पोट रुंद, भार सोसणारे असते, कारण काम तसे आहे. सिंधुदुर्गात तोच सुतार उलांडीची होडी बांधतो, कारण तेथला किनारा निराळा आणि जाळे निराळे. होडीचा आकार हा त्या त्या पाण्याचा आणि त्या त्या श्रमाचा आकार असतो. तो पिढ्यान्‌पिढ्या तांडेल आणि सुतार यांच्या संभाषणातून सुधारत आलेला आहे. ज्याला अडाणी परंपरा म्हणून हिणविले जाते ते प्रत्यक्षात प्रयोगसिद्ध ज्ञान आहे.

या होडीचा दुसरा गुण असा की तिची दुरुस्ती गावातच होते. एक फळी कुजली तर एक फळी बदलते. पावसाळ्यातील बंदीच्या काळात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना सुताराला काम मिळते, आणि होडीवर झालेल्या खर्चाचा मोठा भाग मजुरीच्या रूपाने गावातच फिरतो.

फायबरच्या बाजूने जे खरे आहे ते आम्ही नाकारीत नाही. लाकडाला समुद्री कीड पोखरते, फायबरला पोखरीत नाही. फायबरची होडी हलकी, म्हणून तिला इंधन कमी लागते. तिला दरसाल तेल-राळेची उस्तवार नाही. शिवाय चांगले सागवान सामान्य नाखव्याच्या आवाक्याबाहेर गेले आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशानंतर वनतोडीवर आणि लाकूड गिरण्यांवर कडक नियंत्रण आले. वनरक्षणाच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु लाकडावर जगणाऱ्या कारागिरांना लाकूड कोठून मिळावे याची सोय सरकारने केली नाही. तेव्हा नाखवा फायबर घेतो तो मूर्खपणाने घेत नाही. दुसरा दरवाजा बंद आहे म्हणून घेतो. त्याला परंपरेचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला अन्नाच्या चवीविषयी व्याख्यान देणे होय.

साच्याचा मालक

मग आक्षेप कशाला? आक्षेप साच्याच्या मालकीला आहे. फायबरची होडी साच्यावर घडते आणि साचा कारखानदाराचा असतो. ज्याचा साचा, त्याचा आकार. तांडेल आणि सुतार यांचे जे संभाषण शतकानुशतके चालू होते ते येथे तुटते. कोळ्याने मिळेल तो आकार घ्यावा आणि आपले जाळे, आपले बंदर, आपली पाठ त्या आकाराला जुळवून घ्यावी, अशी ही व्यवस्था आहे. सुताराचे कसब निरुपयोगी ठरते, आणि त्याच्या जागी येतो तो काचतंतूंची चटई पसरून तिच्यावर राळ ओतणारा कंत्राटी मजूर. त्या राळेत स्टायरीन नावाचे द्रव्य असते. त्याची वाफ डोळ्यांना, श्वासाला, मेंदूला घातक. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसाला घातक. तोंडावर एक फडके बांधून हा मजूर दिवसभर त्यात उभा राहतो. आधुनिकतेच्या स्तुतिपाठकांनी एखाद्या लहान फायबर कारखान्यात एक पाळी घालवून मग आपले स्तोत्र म्हणावे.

ते स्टायरीन खनिज तेलापासून बनते आणि भारताची त्याची गरज आयातीवरच भागत आली आहे. म्हणजे होडी ‘भारतात बनलेली’ असली तरी तिची राळ बाहेरची आणि इंजिन बाहेरचे. डॉलर वधारला, आखातात युद्ध भडकले, की उत्तनच्या नाखव्याचा हप्ता वधारतो. इंजिनाचा एक सुटा भाग मोडला तर तो विक्रेता देईल त्या भावाने घ्यावा लागतो. स्वावलंबनाची भाषणे दिल्लीत होतात. परावलंबनाची बिले किनाऱ्यावर फाडली जातात.

आणि ही होडी म्हातारी झाली म्हणजे? लाकडी होडी मोडली तर तिचे लाकूड कामास येते, निदान चूल पेटते. फायबर जाळले तर विषारी धूर होतो, पुरले तर कुजत नाही. मोडलेले सांगाडे खाडीत पडतात, झिजतात आणि त्यांचे कण पाण्यात मिसळतात. ज्या उत्तनच्या माथ्यावर सबंध शहराचा कचरा आणून टाकला गेला, त्या उत्तनला हे निराळे सांगायला नको.

सरकारी योजनांचा कल कोणत्या दिशेला आहे तो आकड्यांवरून पाहा. २० मे २०२० रोजी केंद्र सरकारने प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना मंजूर केली. रक्कम २०,०५० कोटी रुपये. तीत पारंपरिक मच्छीमाराच्या बदली होडी व जाळ्यासाठी एकक खर्च धरला ५ लाख रुपये, आणि खोल समुद्रातील नौकेसाठी १ कोटी २० लाख रुपये. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के. उरलेली रक्कम लाभार्थ्याने उभारायची. एका मोठ्या नौकेच्या रकमेत चोवीस लहान होड्या बसतात. १ कोटी २० लाखांचा उरलेला हिस्सा कोणता खलाशी उभारणार? तो उभारणार व्यापारी. कागदावर नाव कोळ्याचे आणि मासळीवर हक्क दलालाचा, असा हा खेळ होण्यास पुरेपूर वाव आहे.

इतिहासाची साक्ष

असे पूर्वी घडलेले आहे. १९५२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या साक्षीने इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पाचा करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नींदकरा येथे काम सुरू झाले. उद्देश उदात्त होता: लहान मच्छीमाराला यांत्रिक होडी द्यावी, त्याचे जीवनमान उंचवावे. पुढे कोळंबीला अमेरिका-जपानचा बाजार मिळाला, तळ खरवडणारे ट्रॉलर आले, किनाऱ्याबाहेरचे भांडवल आले, आणि ज्याच्यासाठी प्रकल्प होता तोच आपल्या पाण्यात उपरा झाला. गोव्यात रापणकारांना याच ट्रॉलरांविरुद्ध उठाव करावा लागला. मातानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखालील तो लढा आणि इतर राज्यांतील लढे १९७८ साली राष्ट्रीय मंचात एकत्र आले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ सालचा आहे. तो आणि इतर राज्यांतील तसे कायदे अशा संघर्षांच्या दशकाचे फळ आहेत. तंत्र परदेशातून आले हे त्या शोकांतिकेचे कारण नव्हते. ते भांडवलाच्या हाती गेले, हे कारण होते.

परदेशी तंत्राला आपण मुळातच शिवू नये, असे आमचे म्हणणे नाही. कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची बांधणी आरंभिली तेव्हा रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगिजाच्या हाताखालील माणसे कामावर घेतली होती. १६५९ मध्ये ती निघून गेली. आरमार राहिले, कारण गोदी आणि कारागीर आपले होते. उलट बाजूने मुंबईच्या वाडियांच्या गोदीकडे पाहा. तेथे सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ सालचे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अजून पाण्यावर आहे. इतके ते काम अस्सल होते. पण १८१३ साली मुंबईतच बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या जहाजावर १८४२ साली अफूच्या युद्धात हरलेल्या चीनकडून नानकिंगचा तह लिहून घेण्यात आला. मुंबईच्या सुताराने हाताने घडविलेले जहाज साम्राज्याच्या कामी आले. हाताने बांधले म्हणून ते निष्पाप ठरले नाही, आणि इतके अस्सल कसब असूनही लोखंडी आगबोटींच्या युगात परकी सत्तेने त्या गोदीला तिच्या कसबाच्या योग्यतेचे स्थान राहू दिले नाही. कसबाला सत्ता लागते, हे हस्तकलेच्या चाहत्यांना कळत नाही. आणि सत्तेचे भान नसलेली आधुनिकता म्हणजे गुलामगिरी, हे त्यांच्या विरोधकांना कळत नाही.

पर्याय आहे

यावर कोणी म्हणेल, टीका पुष्कळ झाली, पर्याय सांगा. पर्याय आकाशातून आणायचा नाही. १९८० च्या दशकात कन्याकुमारी आणि त्रिवेंद्रमच्या किनाऱ्यावर ओंडक्यांची होडी बांधण्यास योग्य मोठी झाडे दुर्मिळ झाली, तेव्हा तेथील मच्छीमार सहकारी संस्थांच्या महासंघाने, म्हणजे साउथ इंडियन फेडरेशन ऑफ फिशरमेन सोसायटीजने, सागरी प्लायवुडच्या होड्या बांधणाऱ्या गोद्या स्वतःच्या मालकीच्या काढल्या. रचनेला पिएर जिले या बेल्जियन अभियंत्याचे साहाय्य झाले. रचना मच्छीमारांशी चर्चा करून सुधारत नेली आणि इंजिनांच्या दुरुस्तीची केंद्रेही संस्थांनी चालविली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने रबराच्या झाडाच्या स्वस्त लाकडावर परिरक्षक प्रक्रिया करून टिकाऊ होड्या बांधून दाखविल्या. येथे परदेशी ज्ञान आहे, रसायन आहे, यंत्रही आहे. परंतु गोदी संस्थेची आहे. लोहियांनी १९५२ च्या पचमढी अधिवेशनात ज्या लहान यंत्राचा आग्रह धरला त्याचा अर्थ हाच: यंत्र असे हवे की जे कष्टकऱ्याच्या ताब्यात राहू शकेल.

महाराष्ट्रात सहकाराचा गजर कमी झालेला नाही. साखरेला सहकार आहे, दुधाला आहे, मच्छीमारांच्या संस्थाही किनाऱ्यावर जुन्या आहेत. पण त्या संस्थांचे काम बहुतांशी डिझेल, बर्फ आणि मासळीची विक्री यांपुरते राहिले. होडी हे उत्पादनाचे साधन. तेच बाहेरून विकत घ्यायचे असेल तर बर्फाच्या कारखान्याने स्वातंत्र्य येत नाही.

म्हणून पक्षाने ठाणे-पालघरच्या किनाऱ्यावर पुढील मागण्या हाती घ्याव्यात. पहिली, मच्छीमार संस्थांच्या मालकीची नौकाबांधणी व दुरुस्तीची गोदी; तीत लाकूड, प्लायवुड आणि फायबर तिन्हींचे काम व्हावे आणि फायबरचा साचा संस्थेच्या मालकीचा असावा. दुसरी, महाराष्ट्र वनविकास महामंडळाच्या सागवानापैकी ठराविक हिस्सा लिलावात न काढता निश्चित दराने या गोद्यांना मिळावा. तिसरी, अनुदान नव्या होडीइतकेच जुनीच्या दुरुस्तीलाही मिळावे. चौथी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत नौकासुतारकामाचा वर्ग सुरू व्हावा आणि त्याचे शिक्षक म्हणून जुन्या मिस्त्रींना, पदवी न विचारता, पगारावर नेमावे. पाचवी, फायबर कारखान्यातील मजुराला कारखाना कायदा, राज्य विमा आणि श्वसनरक्षक साधने लागू करावीत. सहावी, मोडीत निघालेला फायबरचा सांगाडा परत घेण्याचे बंधन तो बनविणाऱ्यावर असावे. आणि सातवी, जी सर्वांत मूलभूत आहे: कोळीवाड्यांचे सीमांकन होऊन होड्या ओढण्याची, बांधण्याची आणि मासळी सुकविण्याची जागा समाजाच्या नावावर व्हावी. उत्तनच्या किनाऱ्यावरून सागरी सेतूचे आराखडे रेखले जात आहेत. किनाराच गेला तर होडी लाकडाची की फायबरची हा वाद घालायला कोणी उरणार नाही.

पूनम सागरमधील आमचा नोकरदार साथी विचारील, यात माझे काय? त्याने आपल्या कचेरीकडे पाहावे. जो हिशेबनीस कालपर्यंत आपल्या कामाचा जाणकार होता, तो आज परदेशी कंपनीच्या संगणकप्रणालीत आकडे भरणारा कंत्राटी नोकर झाला आहे. ती प्रणाली हाही एक साचाच. तिचे भाडे ठरविणारा दूर, ती बदलण्याचा हक्क दुसऱ्याचा, आणि उद्या ती बंद पडली तर याचे वीस वर्षांचे कसब कवडीमोल. भाईंदरच्या गाळ्यांतून स्टीलची भांडी घडविणाऱ्या कामगाराची कथा याहून फार निराळी नाही. साधनावरची मालकी गेली की कसब जाते, कसब गेले की मजुरी उतरते आणि मजुरी उतरली की मान जातो. हा क्रम होडीला आणि संगणकाला सारखाच लागू आहे.

तेव्हा मीरा रोडच्या शाखांनी उत्तनच्या मागण्यांना ‘कोळ्यांचा प्रश्न’ म्हणून वेगळ्या खणात टाकू नये. महापालिकेच्या निवडणुकीपुरते कोळीवाड्यात जाऊन हार घालून घेणारे पक्ष पुष्कळ आहेत. त्यांत आणखी एकाची भर नको. कार्यकर्त्यांनी सुतारांची, तांडेलांची आणि मासळी सुकविणाऱ्या बायांची बैठक घ्यावी, त्यांच्याकडून होडीचा आणि कर्जाचा हिशेब समजून घ्यावा आणि तो हिशेब घेऊन मत्स्यव्यवसाय खात्याच्या दारी जावे. सुताराला शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार करण्याची वेळ गेली. त्याला गोदी पाहिजे, लाकूड पाहिजे आणि त्या गोदीच्या कारभारात मत पाहिजे. हे जो देईल तोच त्याचा कैवारी, आणि हे मिळविण्यासाठी लढणे हेच आपले काम.